उजवीकडची खुर्ची

"मान हलवली कुणी?"

हा एकच प्रश्न मी ज्याला त्याला विचारत सुटले होते. संगीत सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारला. पुढच्या रांगेत कायम बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारला. मध्यंतरात चहा देणाऱ्यालासुद्धा विचारला. एकानेही माझं खरं मानलं नाही.

वर हसून म्हणतात कसे, "जाऊ द्या हो शालनबाई, होतं असं."

होतं असं! म्हणजे आधी चूक माझ्या नावावर घालायची आणि मग मोठ्या मनाने मलाच माफ करायचं. असली माफी मला नको होती. तसं मी तोंडावर सांगितलंही.

झालं होतं ते असं.

पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या हॉलची मी देखभाल करते. पियानो पुसायचा, खुर्च्या लावायच्या, कार्यक्रम झाला की कुलूप घालायचं. तिथे होतात ते छोटे कार्यक्रम. कधी चौघं जण व्हायोलिनं आणि तसलीच मोठी वाद्यं घेऊन अर्धगोल बसतात, कधी दोघं जण एकाच पियानोवर. पुढे उभं राहून काठी हलवणारा कुणी नसतो. त्यामुळे सगळं डोळ्यांनी आणि मानेने चालतं. एकाने श्वास घेतला की बाकीच्यांनी ओळखायचं.

पियानोवर दोघं बसले की त्यांचे चारही हात गुंतलेले. मग पुस्तकाचं पान उलटायला तिसरं माणूस लागतं. ती तिसरी मी.

नोटेशन मला वाचता येत नाही. चौथीत शाळा सुटली, ते मी कधी लपवलं नाही. उजवीकडच्या खुर्चीवर बसायचं, पानाचा कोपरा धरून ठेवायचा, वाजवणाऱ्याने मान हलवली की उलटायचं. एवढंच काम. रूथबाईंनी मला त्या खुर्चीवर बसवलं. रूथबाई म्हणजे आमच्या शमुवेल उजागरे सरांच्या बायको. त्या डावीकडे बसून खालचे सूर वाजवायच्या, सर उजवीकडे बसून वरचे. त्या गेल्या, सरांनी लोकांसमोर वाजवणं बंद केलं. शिकवणं तेवढं चालू ठेवलं.

आता वाजवतात ते सरांचे शिष्य. वरचे सूर निहार दाबकेचे. खालचे झरीनचे.

निहार लहान होता तेव्हापासून सरांकडे येतो. मधे व्हिएन्नाला जाऊन शिकून आला. आल्यापासून मला 'मावशी' म्हणतो. आधी शालनबाई म्हणायचा. मावशी म्हटलं की माणूस मोलकरीण होतं, हे त्याला कुणी शिकवलं ठाऊक नाही. व्हिएन्नात तर शिकवलं नसेल.

तर त्या दिवशी कार्यक्रम रंगात आला होता. निहारने मान हलवली. मी पान उलटलं.

झरीन थांबली.

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं… निहारने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पान मागे घेतलं, आणि लोकांकडे वळून हसला. ते हसू मला कळलं. ते सांगत होतं, चूक कुणाची ते बघा.

लोकांनी बघितलं. माझी पाठ त्यांच्याकडे. निहार माझ्या आड. मान कुणाला दिसणार? दिसला तो माझा हात.

आत गेल्यावर मी म्हटलं, "मान हलवलीस म्हणून उलटलं."

"मी हलवली नाही."

"मी काय आंधळी आहे?"

"मावशी, पान संपायला अजून दोन ओळी होत्या. मी कशाला मान हलवीन?"

झरीनला विचारलं. ती बिचारी म्हणाली, "मी माझ्या बोटांकडे बघत होते."

दुसऱ्या दिवशी निहारने सेक्रेटरींना सांगितलं, रविवारच्या कार्यक्रमाला नोटेशन वाचता येणारं माणूस बसवा. सेक्रेटरी म्हणाले, "त्यांना वाईट वाटेल." निहार म्हणाला, "मग एक तर त्या, नाहीतर मी."

मला खुर्चीचं एवढं काय पडलं होतं, असं माझ्या बहिणीनेही विचारलं. खुर्ची गेली असती तर चालली असती. पण खोटारडी म्हणून गेली असती. ते नाही चालणार.

मी तशीच उठले आणि सरांच्या घरी गेले.

निहार तिथे आधीच पोचला होता. झरीनलाही घेऊन आला होता.

सर खिडकीपाशी बसले होते. पांढरा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी. मी दारातूनच सुरुवात केली.

"सर, हा म्हणतो मी खोटं बोलते."

"मी तसं म्हटलं नाही," निहार म्हणाला. "मी म्हटलं, त्यांची समजूत चुकली."

"तेच ते. शिकलेल्या माणसाने म्हटलं की समजूत चुकली. आमच्याकडे त्याला खोटं म्हणतात."

सरांनी मला बसायला खूण केली. मी बसले नाही.

"सर, तुम्हीच सांगा," निहार म्हणाला. "कुणाचं खरं?"

"मी हॉलमध्ये नव्हतो."

"पण तुम्ही मला ओळखता."

"तिलाही ओळखतो."

… 

मग सरांनी विचारलं, "पान उलटलं तेव्हा सूर कुणाचा चालला होता?"

"झरीनचा," निहार म्हणाला. "तिथे वरची चाल खाली जाते. मी वाजवलेलं तेच ती वाजवते. मला थोडी विश्रांती आहे."

"तू काय करतोस तेव्हा?"

"थांबतो."

"कशासाठी?"

"तसं लिहिलंय म्हणून."

सरांनी मान डोलावली नाही की हलवली नाही.

"म्हणजे तुझे हात मोकळे होते."

"हो."

"पान लवकर गेलं. तिचं पुढचं दिसेना. तुझे हात मोकळे. लगेच मागे का नाही घेतलंस?"

"लक्षात यायला वेळ लागला," निहार म्हणाला.

"का?"

"डोळे मिटले होते त्याने!" मी म्हटलं. "मिटून बसला होता, देवळात बसल्यासारखा!"

सरांनी माझ्याकडे हात केला. गप्प रहा, असा. मी गप्प राहिले. मला ते सोपं नाही.

"वाजवा," सर म्हणाले.

निहार आणि झरीन बाकावर बसले. मी उजवीकडे खुर्ची ओढली, पानाचा कोपरा धरला. मनात म्हटलं, आता हलव मान.

नाही हलवली.

ती जागा आली. वरची चाल संपली, झरीनने खालून उचलली. निहार ताठ. मान अशी, जशी इस्त्री केली आहे. डोळे सताड उघडे. चाल सरली, पुढे पान संपत आलं, तेव्हा त्याने हनुवटी जराशी खाली केली. मी उलटलं. बरोबर जागी.

वाजवणं संपलं.

"बघा," निहार म्हणाला. "माझी खूण ही अशी असते."

"आज तुला ठाऊक होतं ना, मी बघतेय ते!"

"मावशी, आता मात्र तुम्ही…"

"मावशी नको म्हणूस."

झरीन हळूच म्हणाली, "निहार, तू आज मला घाबरवलंस. इतका ताठ कधी बसतोस?"

निहारने तिच्याकडे बघितलं. त्याला ते आवडलं नाही.

सर खिडकीपाशी तसेच. मला वाटलं, संपलं. सर म्हणणार, शालन, वय झालं आपलं. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं, की माझं नाही झालं, तुमचं झालं असेल.

सर उठले. पियानोपाशी आले.

"निहार, ऊठ. मी बसतो."

रूथबाई गेल्यापासून सर दुसऱ्या कुणाबरोबर त्या बाकावर बसलेले मी बघितले नव्हते. झरीन बाकाच्या कडेला इतकी सरकली की पडायची.

"मी कुठे बसू?" निहारने विचारलं.

"तिच्या खुर्चीवर."

"पान उलटायला?"

"हो. पण नोटेशन वाचायचं नाही. माझी मान बघायची. तिच्यासारखी."

निहार माझ्या खुर्चीवर बसला. पानाचा कोपरा कसा धरायचा तेही त्याला येईना. सगळ्या मुठीत धरला. मी म्हटलं, "दोन बोटांत धर. फाटेल." त्याने धरला.

"आणि मी?" मी विचारलं.

सरांनी मागे बोट केलं. भिंतीला लागून एक बुटकं स्टूल आहे. निहार लहान होता तेव्हा त्याला त्यावर बसवायचे. सर आणि रूथबाई रियाज करायचे, आणि तो मागे बसून ऐकायचा. पाय जमिनीला टेकायचे नाहीत त्याचे. "पुढे येऊन बसू का?" म्हणून विचारायचा, आणि सर म्हणायचे, "तिथेच बस. कान महत्त्वाचे."

त्या स्टुलावर मी बसले. आता गुडघे पोटाला लागत होते.

सरांनी वाजवायला घेतलं.

सरांची बोटं पहिल्यासारखी राहिलेली नाहीत. दोन-तीन जागी सूर निसटले. पण मी ते सांगायला बसलेली नाही.

ती जागा आली. वरची चाल संपली. सरांनी हात पट्ट्यांवरून उचलले, मांडीवर ठेवले. आणि मान हळूच खाली नेली.

मी स्टुलावरून ओरडणारच होते. हीच! हीच ती मान!

निहारचा हात उठला. पानाचा कोपरा वर आला…

आणि तिथेच राहिला. अधांतरी.

झरीनचा सूर चालू होता. निहार सरांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने कोपरा हळूच परत खाली आणला.

सर तिथेच थांबले. झरीनही थांबली.

"का नाही उलटलंस?" सरांनी विचारलं.

"ती खूण माझ्यासाठी नव्हती."

"मान तर हलवली मी."

"हो, पण… तुम्ही झरीनकडे बघत होता. तिला दिल्यासारखं. घे, आता तुझं, असं."

झरीन खाली मान घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते. मला आठवलं, रूथबाईसुद्धा त्या जागी कधी कधी वर बघायच्या आणि गालात हसायच्या. मी खुर्चीवर बसून किती वेळा बघितलं होतं ते. सरांची मान जायची, आणि माझा हात कधी हललासुद्धा नाही. ती खूण माझी नाही, हे मला सांगायला लागलं नव्हतं.

सर वळले. "शालन."

"हं."

"माझ्या त्या मानेवर तू कधी पान उलटलंस?"

"कधीच नाही."

"मग याच्या मानेवर का?"

आता हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. भांडणात एवढी गुंतले होते, की हलवली का नाही हलवली यापुढे गेलेच नव्हते.

"तुम्ही बाईंकडे बघायचा," मी म्हटलं. "हा कुणाकडेच बघत नव्हता. डोळे मिटलेले. मान हलली. झरीनसाठी नाही, लोकांसाठी नाही… मला वाटलं, मग माझ्यासाठीच असणार."

निहार माझ्या खुर्चीवर बसून राहिला. पानाचा कोपरा अजून त्याच्या दोन बोटांत होता.

"म्हणजे मी हलवली," तो म्हणाला.

"हलवलीस," मी म्हटलं.

"मला खरंच कळलं नाही."

यावर माझा विश्वास बसला, आणि त्याचा मला जास्तच राग आला. खोटारडा असता तर बरं झालं असतं. खोटारड्याशी भांडता येतं.

"सर," तो म्हणाला, "ती जागा लहानपणापासून माझ्या मानेत आहे. तुमचंच बघून आलेलं आहे ते. तुम्ही तिथे असेच…"

बोलता बोलता तो मागे स्टुलाकडे वळला.

सरांनी मला विचारलं, "स्टुलावरून काय दिसलं तुला?"

"तुमची मान."

"आणखी?"

मी आठवून बघितलं. सरांची पाठ. पांढरा सदरा. खाली गेलेली मान. तोंड पियानोकडे असणार, नाहीतर झरीनकडे असणार. तिथून काय कळतंय?

"आणखी काही नाही," मी म्हटलं.

"हं."

सर त्या बुटक्या स्टुलाकडे बघत राहिले, लहानपणी निहार जिथून बघायचा त्या. मी त्यावर बसले होते, पण बघत होते ते माझ्याकडे नाही.

मला अवघडल्यासारखं झालं. मी उठले.

निहारही उठला. खुर्ची त्याने स्वतः उचलून माझ्यापाशी आणून ठेवली. "शालनबाई," म्हणाला, "रविवारी तुम्हीच बसा."

"बसेन. पण फुकट बसणार नाही."

"म्हणजे?"

"चारचौघांत मला खोटं पाडलंस. लोकांकडे बघून हसलास. आता इथे चार भिंतींत शालनबाई म्हणून भागणार नाही. रविवारी चारचौघांत सांगायचं, चूक कुणाची होती. नाव घेऊन."

"शालनबाई…" झरीन मला समजवायला लागली.

"तू मधे पडू नकोस, बाई. तुझा सूर तुटला आणि तू बोटांकडे बघत होतीस."

निहारचं तोंड पडलं. पण तो म्हणाला, "सांगतो. चूक माझी होती, मीच सांगतो."

"तू वाजव," सर म्हणाले. "सांगायचं मी बघतो."

"सर, नाव घ्यायचं," मी बजावलं. "गोलगोल नको. 'झालं गेलं' नको."

"नाव घेईन."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर."

रविवारी हॉल भरला होता. गोष्ट पसरली होती ना! कॅम्पात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. व्हायोलिनवाले चौघंसुद्धा त्यांचा कार्यक्रम नसताना येऊन मागे उभे होते. पुढच्या रांगेतले म्हातारे माझ्याकडे बघत होते, ही आली परत, असं. मी मुद्दाम चांगली साडी नेसले होते. उजवीकडच्या खुर्चीवर ताठ बसले. आज लोकांकडे पाठ होती तरी पाठीला डोळे होते माझ्या.

निहार आणि झरीन येऊन बसले. निहारने बसताना बाक जरा तिरका केला, तिच्या बाजूला. पुस्तक उघडलं.

तेवढ्यात सर पुढे आले. हळूहळू. पियानोचा आधार घेऊन उभे राहिले.

हॉल शांत झाला.

"मागच्या कार्यक्रमात एक पान लवकर उलटलं गेलं," सर म्हणाले. "पान शालनबाईंनी उलटलं. त्यांना मानेची खूण झाली, म्हणून उलटलं. त्या सांगत होत्या ते खरं होतं."

मागे कुजबुज झाली. मी वळून बघितलं नाही, पण कुणाचे चेहरे कसे झाले असतील ते मला ठाऊक होतं.

निहार पट्ट्यांकडे बघत होता. हात मांडीवर. त्याच्या कानशिलावर घामाची रेघ उतरली. माझ्या एवढ्या जवळ होता, की मी पदराने पुसू शकले असते. नाही पुसली.

मनात म्हटलं, आता घ्या नाव.

"चुकीची मान हलली," सर म्हणाले. "ती शिकवणाऱ्याने शिकवली, आणि अर्धीच शिकवली. चूक कुणाची, ते शालनबाईंनी नाव घेऊन सांगायला सांगितलं आहे."

"सर…" निहार पुटपुटला.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे…

"शमुवेल उजागरे."